छापील कापडाचा रंग कशाने टिकतो?

कापडावर रंग दोनच प्रकारे राहतो. एक तर तो तंतूच्या आत शिरतो, नाहीतर तंतूवर चिकटून बसतो. ठशाची छपाई, स्क्रीन, रोटरी, डिजिटल, सब्लिमेशन अशा ज्या नाना पद्धतींची नावे बाजारात ऐकू येतात, त्या सगळ्यांचा रंग शेवटी या दोहोंपैकी एका तऱ्हेने कापडावर राहतो. दुकानात मात्र गिऱ्हाईक यंत्राचे नाव विचारते आणि दुकानदारही तेच सांगतो. ‘डिजिटल प्रिंट आहे’ किंवा ‘हँड ब्लॉक आहे’ एवढ्यावर रंगाची हमी दिली-घेतली जाते. या हमीला फारसा अर्थ नाही. नक्षी किती रेखीव उमटेल, किती रंग वापरता येतील, रंग कापडाच्या पाठीपर्यंत पोचेल की वरच राहील, हे यंत्रावर अवलंबून असते. दहा धुण्यांनंतर तो रंग शाबूत असेल की नाही, हे मात्र रंगद्रव्य कोणते, तंतू कोणता आणि छापून झाल्यावर कापडाचे पुढे काय केले, यावर ठरते.

रंगद्रव्यांचेही दोन वर्ग आहेत. रंजके पाण्यात विरघळतात किंवा अगदी बारीक होऊन पाण्यात मिसळतात, आणि तंतूच्या आत जाऊन तिथे ठाण मांडतात. रंगकण, ज्यांना कापडधंद्यात सरसकट पिगमेंट म्हणतात, पाण्यात विरघळत नाहीत आणि त्यांना कोणत्याच तंतूची ओढ नसते. त्यांना कापडावर धरून ठेवायला बाइंडर म्हणजे चिकटद्रव्य लागते. बाइंडरचे जेवढे आयुष्य तेवढेच त्या रंगाचे.

तंतूंच्याही आवडीनिवडी असतात. सुती, लिनन, व्हिस्कोज हे सेल्युलोजचे तंतू. त्यांना पाणी आवडते आणि पाण्यात विरघळणारे रंगही. रेशीम आणि लोकर ही प्रथिने. त्यांच्यावर आम्लधर्मी रंग चांगले बसतात. पॉलिएस्टरच्या आत पाण्याला जवळजवळ शिरकावच नाही, म्हणून त्याच्यासाठी डिस्पर्स नावाचे वेगळेच रंग वापरावे लागतात. सुती कापडावर पक्का बसणारा रंग पॉलिएस्टरवर छापला तर तो नुसत्या पाण्याने निघून जातो. मिश्र धाग्याच्या कापडावर छपाई करणे कटकटीचे असते ते याचमुळे: एकाच सुतात दोन स्वभावाचे तंतू असतात.

मागावरून उतरलेले कोरे कापड छपाईच्या लायकीचे नसते. विणताना तुटू नये म्हणून ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते, कापसाचे स्वतःचे मेण असते, कापडावर बारीक लव असते. लव जाळायची, खळ काढायची, क्षारात उकळून मेण घालवायचे, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करायचे, अशी ही पूर्वतयारी आहे. ती नीट झाली की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कापडावर पाण्याचा थेंब सोडला तर तो क्षणात जिरला पाहिजे. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, तर रंगही तसाच वर बसून राहणार. याच टप्प्यावर चांगल्या कापडाला मर्सरायझिंगची जोड देतात. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1844 मध्ये शोधलेल्या या प्रक्रियेत सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणातून काढतात. त्यात कापसाचा चपटा, पिळलेला तंतू फुगून गोल होतो आणि ताणून धरल्यास त्याला चकाकी येते. मुख्य म्हणजे तो रंग जास्त ओढतो. एकच रंग साध्या आणि मर्सराइझ्ड कापडावर शेजारी शेजारी छापला तर दुसऱ्यावर तो ठळकपणे गडद दिसतो. छपाई फिकी आली म्हणून छापणाऱ्याला बोल लावला जातो, तेव्हा पुष्कळदा दोष त्याच्या आधीच्या खात्याचा असतो.

छपाई म्हणजे ठरावीक जागेपुरते रंगवणे. पातळ रंग कापडावर ठेवला तर तो पसरतो आणि फुलाच्या पाकळीचा डाग होतो. म्हणून रंग खळीत किंवा गोंदात घोटून घट्ट करतात. भारतात यासाठी बाभळीचा डिंक, गवारगम आणि चिंचोक्याची पूड यांचा वापर होत आला. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात हे महाराष्ट्रात ठाऊक आहे. तीच खळ छापखान्यातही कामाला येते. पण ती प्रत्येक रंगाला चालत नाही, आणि का चालत नाही हे पुढे येईलच.

ठशाची छपाई ही सर्वांत जुनी पद्धत. महाराष्ट्रात रंगारी आणि भावसार समाजांनी ती पिढ्यान्‌पिढ्या केली; राजस्थानात सांगानेर आणि बगरू, मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातले बाग, कच्छमध्ये धमडका आणि अजरखपूर ही आजची नावाजलेली ठिकाणे. सागाच्या किंवा शिसवीच्या लाकडावर कोरलेला ठसा रंगाच्या तबकात टेकवून कापडावर दाबायचा, वरून हाताने ठोका द्यायचा. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. ठोका कमी-जास्त पडतो, दोन ठशांचा सांधा केसभर हुकतो, आणि या बारीक चुकांनाच गिऱ्हाईक हातकामाची खूण म्हणून पैसे मोजते.

पण जुन्या ठसेछपाईचे खरे कसब ठोक्यात नव्हते, ते रसायनात होते. बागची छपाई पाहिली की हे लक्षात येते. कापड आधी मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्यांच्या द्रावणात भिजवून, तुडवून, वाळवून मऊ करतात. मग त्याला हिरड्याचे पाणी देतात. कापड फिकट पिवळसर होते. हिरड्यातले टॅनिन कापसाला धरून बसते. आता ठशाने जे छापायचे तो रंग नसतोच. लाल हवा तिथे तुरटीची लापशी छापतात, काळा हवा तिथे लोहक्षाराची. तुरटीला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे छापताना दिसावी म्हणून तीत चिमूटभर कच्चा रंग मिसळण्याची पद्धत आहे. लोखंड मात्र हिरड्याच्या टॅनिनला भेटताच काळे पडते; पूर्वीची लिहिण्याची शाईही याच संयोगातून होत असे. छापलेले कापड काही दिवस तसेच ठेवतात, मग नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. साचलेले पाणी इथे चालत नाही, कारण सुटलेली तुरटी कोऱ्या जागेवर जाऊन बसली तर पुढे तिथेही लाली चढते. शेवटी तांब्याच्या मोठ्या कढईत ॲलिझरीन आणि धायटीची फुले घालून कापड उकळतात, आणि जिथे तुरटी होती तिथे लाल रंग उमलतो.

तुरटीसारख्या पदार्थाला रंगबंधक म्हणतात. तुरटीतले ॲल्युमिनियम एका बाजूने कापसाला धरते आणि दुसऱ्या बाजूने ॲलिझरीनच्या रेणूला. तिघांचे मिळून जे संयुग बनते ते पाण्यात विरघळत नाही. ॲलिझरीन पूर्वी मंजिष्ठेसारख्या वनस्पतींच्या मुळांतून मिळे. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी ते कृत्रिम रीतीने बनवले आणि आज बाग गावातही बहुधा तेच वापरतात. त्याने टिकाऊपणात उणेपणा येत नाही, कारण रेणू तोच आहे. ‘नैसर्गिक रंग पक्का, रासायनिक रंग कच्चा’ ही समजूत इथेच कोलमडते. हळद नैसर्गिकच आहे, पण हळदीचा रंग उन्हात काही दिवसही तग धरत नाही.

पाण्याचा या कामाशी किती निकटचा संबंध असतो हे कच्छमध्ये दिसले. 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावाच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. लोह हेच काळ्या रंगाचे साधन असल्याने ते पाण्यातून सगळीकडे जाऊ लागल्यावर अजरख या तिथल्या ठसेछपाईचे लाल आणि निळे मळकट होऊ लागले. छपाई करणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी गाव सोडून चांगले पाणी असलेल्या जागी वस्ती केली, तेच अजरखपूर. लोहाचा आणखी एक अवगुण आहे. ते हळूहळू कापसाचा तंतूच कुजवते. संग्रहालयांतल्या जुन्या छिटांमध्ये लाल फुले अजून ठसठशीत असतात, पण त्यांच्याभोवतीची काळी रेघ जिथे होती तिथे बारीक भोके पडलेली असतात.

सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरची छीट युरोपात गेली तेव्हा तिथल्या लोकांना तिच्या नक्षीइतकेच नवल वाटले ते धुऊनही न जाणाऱ्या रंगाचे. मागणी एवढी वाढली की स्थानिक विणकरांच्या दबावाखाली फ्रान्सने 1686 मध्ये आणि इंग्लंडने 1700 व 1721 मध्ये कायदे करून तिच्यावर बंदी घातली. केर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने 1742 मध्ये ही सारी कृती कारागिरांकडून समजून घेऊन पत्राने मायदेशी कळवली. हिरड्यात म्हशीचे दूध का मिसळतात यासारखे बारकावेही युरोपला अशाच लिखाणांतून समजले: दुधातल्या स्निग्धांशामुळे कलमाने ओढलेली रेघ फुटत नाही.

युरोपाने कृती घेतली आणि तिला यंत्र जोडले. स्कॉटलंडच्या थॉमस बेलने 1783 मध्ये रुळाच्या छपाईचे पेटंट घेतले. तांब्याच्या रुळावर नक्षी खोदलेली, खाचांत रंग भरलेला, वरचा जादा रंग पोलादी पात्याने खरवडलेला, आणि कापड दाबाखाली त्यावरून धावते. केसासारख्या बारीक रेघा या पद्धतीइतक्या सुबक दुसऱ्या कुठल्याही जुन्या पद्धतीने येत नसत. मुंबईच्या गिरण्यांच्या छपाई खात्यांतही अशी यंत्रे होती. या पद्धतीचा दोष एकच: पहिल्या रुळाने ठेवलेला ओला रंग पुढचा प्रत्येक रूळ दाबत जातो. त्यामुळे रंग कापडात रुततो आणि काहीसा मंद होतो.

हा दोष स्क्रीनने घालवला. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने 1907 मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. चौकटीवर ताणलेली जाळी, जिथे रंग नको तिथली छिद्रे बुजवलेली, आणि रबराच्या पट्टीने ओढलेला रंग. जाळीतून रंगाचा जाड थर उतरतो, म्हणून स्क्रीनचे रंग भरघोस आणि तजेलदार दिसतात. 1963 मध्ये स्टॉर्क या डच कंपनीने जाळीची चौकट गुंडाळून निकेलचे पोकळ नळकांडे केले; हीच रोटरी. रंग नळकांड्याच्या आतून येतो, कापड खालून पळते, आणि मिनिटाला चाळीस-पन्नास मीटर सहज छापून होते. नळकांड्याचा घेर साधारणपणे 64 सेंटिमीटर असतो; रोटरीवर छापलेल्या पुष्कळशा कापडांत नक्षी 64 सेंटिमीटरला किंवा त्याच्या नेमक्या भागाला पुन्हा सुरू होते ती त्यामुळे. रोटरीत आणि चौकटीच्या स्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते. सहा रंगांची साडी म्हणजे सहा जाळ्या, आणि त्यांतली एक जरी सरकली तरी फुलाच्या कडेला पांढरी फट दिसते किंवा दोन रंग एकमेकांवर चढून तिसराच काळपट रंग तयार होतो. असे कापड स्वस्तात विकले जाते. त्याचा रंग मात्र पहिल्या प्रतीच्या कापडाएवढाच पक्का असू शकतो, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आज सुती छपाईत टिकाऊपणाचे माप ठरते ते रिॲक्टिव्ह रंगांनी. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन यांनी 1954 मध्ये असे रंग शोधले की जे कापसावर नुसते बसत नाहीत, तर सेल्युलोजच्या रेणूशी रासायनिक बंधाने जोडले जातात. 1956 मध्ये ते ‘प्रोसिऑन’ या नावाने बाजारात आले. पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधल्याला त्याच वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. असा जोडलेला रंग जणू तंतूचाच भाग होतो. साबण त्याला सोडवू शकत नाही.

ही जोडणी कशी होते ते छपाईच्या पेस्टमध्ये पाहता येते. तीत रंग असतो, युरिया असतो, खाण्याचा सोडा असतो, आणि घट्टपणासाठी समुद्री शेवाळापासून काढलेले सोडियम अल्जिनेट. चिंचोक्याची खळ इथे का नाही? कारण तिचा रेणूही सेल्युलोजसारखाच, शर्करेच्या साखळीचा असतो. रंगाला दोघांतला फरक कळत नाही. तो कापसाबरोबर खळीशीही बंध करतो, रंग वाया जातो, आणि खळ धुऊन न निघता कापड कडक राहते. अल्जिनेट त्या मानाने अलिप्त असते. छापलेले कापड वाळवून सुमारे 102 अंश सेल्सिअसच्या वाफेत आठ-दहा मिनिटे ठेवतात. युरिया वाफेतले पाणी धरून रंग विरघळवतो, खाण्याचा सोडा उष्णतेने धुण्याच्या सोड्यात बदलतो, क्षारता वाढते आणि बंध जुळतात.

सगळा रंग मात्र कधीच जोडला जात नाही. त्यातला काही हिस्सा कापसाऐवजी पाण्याशीच बंध करून मोकळा होतो. हा बिनकामाचा झालेला रंग तंतूत नुसता अडकून असतो, दिसायला पक्क्या रंगासारखाच असतो, आणि तो काढून टाकायला कापड आधी थंड, मग गरम, मग साबणाच्या जवळजवळ उकळत्या, मग पुन्हा गरम आणि थंड पाण्यातून काढावे लागते. पाणी लागते, इंधन लागते, वेळ लागतो. काटकसर होते ती इथेच. वाफ चारच मिनिटे दिली, साबणाचे पाणी कोमट ठेवले, एक धुलाई गाळली, तरी कापड दुकानात तितकेच सुंदर दिसते. घरी बादलीत पडले की पाणी लाल होते आणि शेजारचा पांढरा सदरा गुलाबी. काही कारखाने अशा कापडाला शेवटी फिक्सरचा हात देतात. त्याने सुटा रंग काही धुण्यांपुरता थोपतो, पण धुलाईची उणीव भरून निघत नाही. छपाईच्या सांडपाण्याचा प्रश्नही याच टप्प्यावर उभा राहतो. राजस्थानातल्या पालीची बांडी नदी आणि गुजरातेतल्या जेतपूरची भादर यांच्या प्रदूषणाची प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. पक्का रंग आणि स्वच्छ नदी ही दोन्ही एकाच वेळी हवी असतील तर कापडाची किंमत वाढणार, याला आडमार्ग नाही.

रिॲक्टिव्ह रंगांचे एक दुखणे म्हणजे क्लोरीन. ब्लीच पडले की त्यातले पुष्कळ रंग हार मानतात. व्हॅट वर्गातले रंग त्याला आणि उन्हालाही जास्त दाद देत नाहीत. निळीचे हे धाकटे भाऊबंद 1901 पासून उपलब्ध आहेत. महाग आणि छापायला किचकट असल्याने ते गणवेशाच्या आणि पडद्याच्या कापडाकडे जास्त वळले.

आता चिकटून बसणाऱ्या रंगांकडे. पिगमेंटची छपाई सोपी आहे: रंगकण आणि ॲक्रिलिक बाइंडर एकत्र घोटायचे, छापायचे, वाळवायचे आणि 150 अंशांच्या आसपास चार-पाच मिनिटे तापवायचे. बाइंडरचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्यात रंगकण कैद होतात. वाफ नाही, धुलाई नाही, आणि कुठल्याही तंतूला चालते. चादरी, उशांचे अभ्रे, स्वस्त कुर्ते, यांतला मोठा हिस्सा असाच छापला जातो. उन्हाला हे रंग चांगले तोंड देतात, कारण रंगकण म्हणजे असंख्य रेणूंचा घट्ट स्फटिक. वरचे थोडे रेणू खराब झाले तरी आतले शाबूत असतात. त्यांची नड आहे ती घासण्याची. गडद निळी किंवा काळी पिगमेंटची चादर ओल्या हाताने चोळली तर हाताला रंग लागतो, आणि घडीच्या कडांवर ती लवकर विटते. बाइंडर वाढवला तर रंग टिकतो पण कापड पुठ्ठ्यासारखे होते. कमी केला तर कापड मऊ राहते पण रंग झडतो. चांगला छापणारा या दोहोंमधली जागा शोधतो.

गणेश मंडळांच्या आणि मॅरेथॉनच्या टी-शर्टांवर जी जाड, रबरासारखी अक्षरे असतात ती बहुतेकदा प्लास्टिसोलची, म्हणजे पीव्हीसीच्या शाईची. ही शाई नुसती वाळत नाही, ती सुमारे 160 अंशांना शिजावी लागते. घाईच्या ऑर्डरमध्ये ती वरवर शिजते, आत कच्ची राहते, आणि चार-सहा धुण्यांत तडकते. डीटीएफ या अलीकडच्या पद्धतीत चित्र आधी प्लास्टिकच्या फिल्मवर छापतात, त्यावर गोंदाची भुकटी पसरतात आणि तापलेल्या प्रेसने ते कापडावर उतरवतात. एका टी-शर्टसाठीही परवडते, रंग झगझगीत येतात, काळ्या कापडावरही उठून दिसतात. पण तो कापडावर चिकटवलेला थरच असतो. त्याच्या आतून हवा खेळत नाही आणि त्यावर थेट इस्त्री फिरवली की तो इस्त्रीला चिकटतो.

पॉलिएस्टरचा मामला याच्या अगदी उलट. डिस्पर्स रंगांतले काही रंग तापवल्यावर द्रव न होता थेट वायू होतात; हेच सब्लिमेशन. नक्षी कागदावर छापायची, कागद पॉलिएस्टरवर ठेवायचा आणि 200 अंशांच्या आसपास अर्धा-एक मिनिट दाबायचा. त्या तापमानात पॉलिएस्टरची घट्ट रचना सैल होते, रंगाची वाफ आत शिरते, आणि थंड होताच दार बंद. क्रिकेटच्या जर्सीवरचे नाव आणि पट्टे वर्षभराच्या धुण्यानंतरही ताजे दिसतात ते यामुळे. हातालाही तिथे काही लागत नाही, कारण वर काही उरलेलेच नसते. मात्र हीच पद्धत सुती कापडावर केली तर पहिल्याच धुण्यात नक्षी निघून जाते, आणि अर्धे सूत अर्धे पॉलिएस्टर असेल तर ती मुळातच धुरकट उमटते. पांढरा रंग या पद्धतीत नसतो, म्हणून कापडही पांढरे किंवा फिकटच लागते. आणि जो रंग उष्णतेने आत गेला तो जास्त उष्णतेने बाहेरही येऊ शकतो. कडक इस्त्रीखाली अशा कापडाचा रंग शेजारच्या घडीवर उमटलेला दिसतो.

राहिली डिजिटल छपाई. ही पद्धत म्हणजे केवळ रंग ठेवण्याची तऱ्हा. आतला रंग रिॲक्टिव्ह असेल, पिगमेंट असेल, आम्लधर्मी असेल किंवा डिस्पर्स. यंत्राच्या तोटीतून पडणाऱ्या थेंबाचे माप पिकोलिटरमध्ये सांगतात, आणि एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा लाख कोटीवा भाग. इतक्या बारीक तोटीतून घट्ट पेस्ट जाणार नाही, म्हणून शाई पातळ ठेवतात आणि अल्जिनेट, युरिया, सोडा ही सामग्री कापडालाच आधी पाजून ठेवतात. जाळ्या नाहीत, त्यामुळे रंगांच्या संख्येला मर्यादा नाही. फोटोसुद्धा छापता येतो. पण शाई थोडी आणि पृष्ठभागावरच पडत असल्याने कापडाची उलटी बाजू फिकी राहते. साडीसारख्या दोन्ही बाजू दिसणाऱ्या वस्त्राला हे उणे वाटते. गर्द काळा आणि मोठ्या भरीव जागा यांत रोटरी अजून सरस ठरते. वाफ आणि धुलाई सारखीच झाली असेल, तर रिॲक्टिव्ह डिजिटल आणि रिॲक्टिव्ह स्क्रीन यांच्या पक्केपणात फरक पडण्याचे कारण नाही.

पक्केपणा मोजण्याच्या रीती आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरवलेल्या आहेत. घासण्याच्या चाचणीचे यंत्र अगदी साधे असते. त्याच्या 16 मिलिमीटर व्यासाच्या बोटावर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ताणून लावतात आणि ठरलेल्या दाबाने ते बोट छापील कापडावर दहा वेळा पुढे-मागे फिरवतात. एकदा कोरडे, एकदा ओले. पांढऱ्या तुकड्याला जो डाग लागला तो करड्या छटांच्या पट्टीशी ताडून पाहतात. 5 म्हणजे डागच नाही, 1 म्हणजे भरपूर. धुण्याच्या चाचणीत सहा तंतूंची एक पट्टी नमुन्याला शिवतात, म्हणजे सुटलेला रंग सूत, लोकर, नायलॉन यांपैकी कोणाला लागला तेही कळते. उन्हासाठी आठ निळ्या लोकरींचा संच असतो. त्यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण दुप्पट टिकते. एकच कापड धुण्यात 5, ओल्या घासणीत 2 आणि उन्हात 6 असे गुण मिळवू शकते. म्हणून ‘रंग पक्का आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. कशापुढे पक्का, हे विचारायला हवे. दारातल्या पडद्याला ऊन महत्त्वाचे, बाळाच्या झबल्याला लाळ आणि घाम, बैठकीच्या गादीच्या खोळीला घासणे.

या साऱ्याचा नमुना घरातल्या जुन्या गोधडीवर पाहायला मिळतो. तिच्यावर दहा ठिकाणची छापील पातळे आणि झंपर एकत्र शिवलेले असतात. सगळ्या ठिगळांनी तेच ऊन सोसलेले, त्याच दगडावर ती आपटलेली. तरी एखाद्या ठिगळातला लाल जसाच्या तसा असतो, शेजारचा जांभळा पुसट राखाडी झालेला असतो, आणि तिसऱ्यावर नक्षी होती हे फक्त शिवणीच्या आत दुमडलेल्या कडेवर समजते. फिकट छटा गडद छटांपेक्षा लवकर उडतात, कारण उडायला मुळात रंगच थोडा असतो. झगझगीत फ्लुरोसंट रंग उन्हात सर्वांत आधी जातात.

खरेदीच्या वेळी प्रयोगशाळेचे यंत्र जवळ नसले तरी पांढरा रुमाल असतो. तो पाण्यात भिजवून, पिळून, कापडाच्या सर्वांत गडद जागेवर दहा-बारा वेळा जोर देऊन घासावा. जे यंत्रात दिसते तेच जवळजवळ इथे दिसते. नक्षीवरून आणि मग कोऱ्या जागेवरून बोट फिरवावे. नक्षी जाड किंवा कडक लागली तर रंग वर बसलेला आहे असे समजावे. उलटी बाजू पाहावी. रंगाची छटा दुकानाच्या दिव्याखाली पसंत करू नये, कापड दाराशी उजेडात न्यावे, कारण दिव्याखाली जुळणारे दोन रंग उजेडात वेगळे दिसू शकतात.

घरी आल्यावर पहिले धुणे मिठाच्या पाण्यात करण्याची रीत जुनी आहे. मिठाने त्या बादलीपुरता सुटा रंग कमी निघतो हे खरे, पण कारखान्यात न जुळलेला बंध मिठाने जुळत नाही आणि पुढच्या साध्या पाण्यात उरलेला रंग निघतोच. व्हिनेगरचा थोडाफार उपयोग झाला तर रेशमावरच्या आम्लधर्मी रंगांना, सुतीला नाही. त्यापेक्षा नवे सुती छापील कापड पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे धुवावे, ओल्या घड्या एकमेकींवर ठेवू नयेत, उलटे करून सावलीत वाळवावे, पिगमेंट आणि रबर प्रिंटला उलट्या बाजूनेच इस्त्री करावी. तिसऱ्या धुण्यानंतरही पाणी रंगत असेल, तर छापल्यानंतरची वाफ किंवा धुलाई कारखान्यातच अपुरी राहिली आहे. ते कापड दुकानदाराला परत करावे.